सोळा हजारांवरची रेघ

त्याला सगळे कानसेन म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कारखान्याच्या हजेरीपुरतं उरलं होतं. कानसेन हे नाव त्याच्या मोठ्या बहिणीनं, ताईनं, चेष्टेत ठेवलेलं. ती गायची आणि हा ऐकायचा. "आमच्या घरात एक गळा आणि एक कान, बाकी सगळं उसनं," असं ती आल्यागेल्याला सांगे. गळ्याचं पुढे काय झालं ते डॉक्टरांनी लेखी दिलं. कानाचं काय झालं ते कुणी लेखी देत नाही, म्हणून सांगावं लागतं.

कारखाना काचेच्या बाटल्यांचा होता. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या येत, त्यांच्यामागे पांढरा दिवा असे, आणि कानसेन स्टुलावर बसून त्यांच्या आरपार बघे. काचेत बुडबुडा दिसला, केसाएवढी चीर दिसली, मान तिरकी दिसली की बोटानं बाटली आडवी पाडायची आणि म्हणायचं, "बाद." तिच्यात पुढे औषध भरणार होते की अत्तर, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. तपासनिसानं चव घ्यायची नसते.

घरी आलं की त्याचा दुसरा पट्टा सुरू होई. आतल्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर पॉप अल्बमच्या डिस्क, त्याही फक्त जपानमध्ये निघालेल्या खास आवृत्त्या. जगभर निघालेला अल्बम तिथे निघताना एखादं जादा गाणं घेऊन निघतो, गिऱ्हाइकानं बाहेरून आलेली डिस्क सोडून तिथलीच घ्यावी म्हणून. डब्याच्या डाव्या अंगाला छापील कागदाची पट्टी गुंडाळलेली असते. तिला ओबी म्हणतात, म्हणजे कमरपट्टा. ओबी फाटली की डिस्कची इभ्रत गेली. कानसेन ओबीला हात लावण्याआधी हात धूत असे. जेवणाआधी धुवायला मात्र बायकोला सांगावं लागे.

प्रत्येक डिस्कची तो लॉसलेस प्रत काढे. साधी फाईल म्हणजे प्रवासाला निघताना कोंबून भरलेली बॅग. जे चालवून घेता येईल ते घरी टाकून आलेलं असतं. लॉसलेस म्हणजे आख्खं घर उचलून नेणं, कोळिष्टकांसकट. प्रत काढली की तो तिचं चित्र पडद्यावर बघे. आवाजाचं चित्र निघतं, आणि अस्सल डिस्कचं चित्र वरपर्यंत भरलेलं दिसतं. कोंबलेल्या फाईलचं वरचं टोक मात्र सेकंदाला सोळा हजार कंपनांच्या रेघेवर सपाट कापलेलं असतं, माळ्यानं कुंपण छाटावं तसं. लबाड लोक कोंबलेली फाईलच लॉसलेसचे कपडे घालून पुढे करतात. कपडे बदलता येतात, छाटलेलं वाढवता येत नाही.

"अहो, ही गाणी तुम्ही ऐकता कधी?" बायको विचारायची.

"सगळी तपासून झाली की."

"मग पुढच्या जन्मी निरोप धाडा. मीही येते ऐकायला."

अशा छंदाच्या माणसांची एक मंडळी होती. देशोदेशीची माणसं, एकमेकांना टोपणनावानं ओळखणारी. आपल्याकडची प्रत सगळ्यांना द्यायची, सगळ्यांची आपण घ्यायची. कानसेन तिथला मुख्य परीक्षक. तिथला कडक नियम त्यानंच लिहिला होता: खोटी ठरलेली प्रत घेणाऱ्या प्रत्येकानं मिटवायची, देणाऱ्यानंही मिटवायची, आणि मिटवल्याचा पुरावा दिल्याशिवाय त्याचं म्हणणं ऐकायचं नाही. हा नियम त्याला इतका आवडे की मधूनमधून तो उघडून वाचत असे. काही लोक आपला लग्नाचा फोटो बघतात तसा.

ताईचा गळा आधी बसला, मग सोलला गेला, शेवटी डॉक्टरांनी काढूनच घेतला. मानेत भोक, त्यावर जाळीचा रुमाल, आणि मांडीवर एक पांढरी पाटी व मार्कर, एवढ्यावर तिचं बोलणं आलं. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, घराच्या पुढच्या खोलीत. गिऱ्हाईक आलं की ती पाटीवर लिहायची: 'बाही पूर्ण की अर्धी?' गिऱ्हाइकं उत्तर ओरडून द्यायची. ती मग लिहायची: 'कान आहेत.'

तिची मुलगी, कानसेनची भाची, आता दोघींच्या वाटणीचं बोलायची आणि तिच्या हिश्शात थोडं जास्तच आलं होतं. आजार पुन्हा वर आलाय, डॉक्टर आता पुढची तारीख देताना कॅलेंडरचं पान उलटत नाहीत, हे तिनंच मामाला जिन्यात सांगितलं. आणि हेही सांगितलं:

"आईनं काल काय लिहिलं माहितीये? 'स्वप्नात पण पाटीच असते.' तिला तिचा आवाज आठवत नाहीये, मामा. एकदा ऐकायचाय म्हणते."

"फोनमध्ये असतील की निरोप."

"आहेत ना. सगळे आजारी आवाजातले. 'येताना दूध आण' म्हणतेय की 'मला वाचव' म्हणतेय, कळत नाही."

खरं तर ताईचा आवाज छापून निघालेला होता. लग्नाआधी ती एका पॉप बँडमध्ये होती. अल्बम एकच निघाला, तोही बरा चालला. पण ताई मागच्या तीन पोरींपैकी एक. "तिघींत मी कुठली ते मलाही सांगता येत नाही," असं ती बोलत होती तेव्हा म्हणायची. भाचीनं तो अल्बम लावून पाहिला होता. ताईनं डोळे मिटून ऐकला आणि पाटीवर प्रश्नचिन्ह काढलं.

त्या रविवारी ताईला भेटायला त्या बँडमधला ड्रमवाला आला. टक्कल पडलेला, विमा विकणारा, पण बोटं अजून गुडघ्यावर चालायची. कानसेन आणि भाची समोर बसले होते. ताईनं शिवणयंत्रापाशी खुर्ची ओढून घेतली होती.

ड्रमवाल्यानं इकडचं तिकडचं बोलून घेतलं, आवाज ऐकायचा विषय निघाला तसा म्हणाला, "मग ते हिचं एकटीचं गाणं लावा की."

"कुठलं एकटीचं?" भाचीनं विचारलं.

"जपानवालं. तिकडे खास आवृत्ती निघाली ना आमची, शेवटी एक जादा गाणं टाकलेली. मॅनेजरनं दाखवली होती मला, कागदाचा पट्टा गुंडाळलेली. आम्हाला मेल्यानं एकही दिली नाही."

ताईनं ठाम मान हलवली. होय, होय. मग हळूच भावाकडे बघितलं.

भाची म्हणाली, "पण मामा तर म्हणाला होता, असं काही निघालंच नाही."

म्हणाला होता. फार वर्षांपूर्वी, भरल्या पंगतीत. ताई पाहुण्यांना सांगत होती की जपानसाठी मी एक गाणं एकटीनं गायलंय, आणि कानसेननं पानावरून उठून, हात धुऊन, संगणकावर जपानी आवृत्त्यांची यादी उघडून तिला दाखवली होती. बघ, नाही. अशी आवृत्तीच नाही. तुम्हाला कुणीतरी बनवलं. पाहुणे हसले होते. ताईही हसली आणि म्हणाली, "असेल बाबा. तूच जाणकार." त्यानंतर त्या गाण्याचा विषय तिनं कधी काढला नाही.

"यादीत नव्हतं," कानसेन आता म्हणाला.

"कव्हरवरच्या यादीत माझं नाव दुसऱ्याच वाद्यापुढे छापलंय," ड्रमवाला म्हणाला. "म्हणून मी सनई वाजवली का? अहो, घाईत उरकलेलं काम ते. मुख्य गायिका भांडून गेलेली, स्टुडिओ सोडून दिलेला, आणि मॅनेजर म्हणतो जपानला आठवड्यात एक गाणं पाठवायचंय. मग तालमीच्या खोलीत त्याच्या त्या चिमुकल्या रेकॉर्डरवर गायली ही. साबणाच्या वडीएवढं यंत्र. आवाज दाबून ठेवायचं म्हणे, थोड्या जागेत जास्त मावावा म्हणून. त्याच डबीतलं तिकडे गेलं आणि तसंच छापलं त्यांनी."

दाबून ठेवायचं. कानसेनच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचं चित्र उभं राहिलं. गाणं जर गाताक्षणीच दाबलं गेलं होतं, तर अस्सल डिस्कवरही त्याचं वरचं टोक छाटलेलंच असणार. सोळा हजारांच्या रेघेवर. सपाट.

ड्रमवाला पुढे बोलतच होता. "आणि ड्रम नाही हं. मी टेबलावर बोटं वाजवली. खालचा घरमालक काठीनं छत ठोकायचा, म्हणून हिनं अगदी खालच्या पट्टीत म्हटलं, कानात सांगितल्यासारखं. गाणंभर एकदाही वर गेली नाही. मी तिला म्हटलं होतं, बाई, तू अशीच गात जा..."

कानसेनचे ओठ होकार देत होते. कान तिथे नव्हते.

ताईनं पाटीवर एकच शब्द लिहिला आणि त्याच्यापुढे धरला: 'शोध.'

"दुनियेची गाणी शोधलीस, आता घरचं एक शोध," भाची म्हणाली. "आणि लवकर. तुमच्यातला बादशहा ना तू?"

"शोधतो," तो म्हणाला. हे गाणं कुठे मिळेल हे त्याला शोधायचं नव्हतंच. ते कुठे गेलं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंडळीतल्या एकानं, ज्याचं टोपणनाव कासव होतं, एक प्रत दिली होती: त्याच बँडचा अल्बम, जपानी आवृत्ती, शेवटी एक जादा गाणं. कानसेननं नाव वाचलं आणि तो खुर्चीत ताठ बसला. कुणाच्या घरात चोरी करायला आला होता हा माणूस! आवृत्तीच निघाली नव्हती, हे त्यानं सख्ख्या बहिणीला पटवून दिलं होतं. त्यानं चित्र उघडलं. पहिली सगळी गाणी वरपर्यंत भरलेली, आणि शेवटच्याचं टोक छाटलेलं. म्हणजे साधा अल्बम घेतला, कुठूनतरी एक कोंबलेलं गाणं आणून शेपटाला शिवलं. चोराचा माग इतका स्वच्छ क्वचितच मिळतो. त्यानं निकाल लिहिला: 'शेवटचं गाणं बनावट. या बँडमध्ये माझी सख्खी बहीण गात होती, त्यामुळे यावर अधिक चर्चा नको.' लोकांनी अंगठे वर केले. सगळ्यांनी प्रत मिटवली. कासवाला मंडळीतून काढलं. कानसेननं स्वतःकडची प्रतही मिटवली, ती जिथे जिथे राखून ठेवली जाई त्या साऱ्या जागांवरून. खोट्या मालाला घरात जागा नाही हे तो नुसतं बोलत नसे.

एवढं सगळं करायला त्याला एका गाण्याइतकाही वेळ लागला नव्हता. कारण गाणं त्यानं लावलंच नव्हतं.

आता त्यानं मंडळीत एकेकाला विचारायला सुरुवात केली. ती प्रत कुणी चुकून ठेवली आहे का? कुणी रागावणार नाही, उलट. उत्तरं आली ती सगळी आज्ञाधारक. 'तुम्ही म्हणालात म्हणून लगेच मिटवली.' 'तुमच्या शब्दावर कधी शंका घेतली नाही.' एकानं तर पुरावाही पुन्हा पाठवला. माणसाला आयुष्यात एकदाच सगळ्यांनी आपलं ऐकू नये असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

कासवाचं म्हणणं कुठेतरी पडून असेल म्हणून त्यानं जुना कप्पा उघडला. होतं. न वाचलेलं. 'नियमाप्रमाणे माझी प्रत मिटवली आहे, पुरावा जोडला आहे. कृपया गाणं एकदा ऐकावं.' तारीख निकालानंतरच्याच दिवसाची होती.

त्यानं कासवाला लिहिलं. काय लिहावं हे न सुचून शेवटी खरं तेच लिहिलं: 'ते गाणं माझ्या बहिणीचं आहे.' काही दिवस काहीच आलं नाही. ताईचा रुमाल आता दिवसातून जास्त वेळा बदलावा लागत होता. मग उत्तर आलं, नुसता पत्ता.

बसनं जाऊन तो पोचला तेव्हा दुपार उतरली होती. दार उघडलं ते एका जाडजूड, कमरेत वाकलेल्या म्हाताऱ्यानं. मालवाहू जहाजावर आयुष्यभर स्वयंपाकी होता. घर जहाजासारखंच, प्रत्येक वस्तू पडू नये अशी अडकवलेली.

"तुम्ही परीक्षक," तो म्हणाला. विचारलं नाही, नोंदवलं. "बसा. चहा घ्याल? तपासून घ्या हवा तर."

कानसेन बसला. चहा आला.

"मी एक सांगू का," कासव म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही तरुण असाल. एवढी खात्री या वयात राहत नाही."

"माझी चूक झाली."

"झालीच. ती डिस्क मी तिथल्या बंदरावर घेतली होती. जहाज दुरुस्तीला लागलेलं, पाऊस पडत होता, म्हणून दुकानात शिरलो. तीन पोरी कव्हरवर मागे उभ्या, म्हटलं बघू. पुढची गाणी ठीकच होती. शेवटचं लागलं आणि मी भांडी घासायची थांबवली. तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघरात एंजिनाचा आवाज चोवीस तास असतो. त्या आवाजाच्या खालून ऐकू यायचं ते गाणं."

"डिस्क आहे ना?" कानसेनला धीर निघेना.

"आहे. आधी ऐका. गेल्या वर्षी तिच्या कडेला एक ठिपका दिसला. मग दुसरा. डिस्क मरायला लागल्या की कडेपासून मरतात, तुम्हाला मी काय सांगणार. आणि शेवटचं गाणं असतं कडेलाच. म्हणून नातवाकडून प्रत काढायचं शिकलो आणि तुम्हा लोकांना दिली. माझ्यासाठी नाही. म्हटलं, ही माणसं जपणारी आहेत, इतक्या जणांकडे राहिली तर जाणार नाही." त्यानं बशीतला चहा संपवला. "तुम्ही सगळ्यांना मिटवायला लावलीत. मलाही. मी नियम पाळला. जहाजावर नियम न पाळणारा बुडतो, असं शिकलोय."

"मी तुमचा अर्ज वाचला नाही."

"ते कळलं मला. बायको म्हणाली, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेता. त्यानंतर ती वारली. ती जिवंत असेपर्यंत मी तिच्या लेखी लोकांना फसवताना सापडलेला माणूस होतो. ती तसं म्हणाली नाही कधी. पण शेजारणीनं माझ्या छंदाचं विचारलं की विषय बदलायची."

कासवानं उठून कपाटातून डबा काढला. ओबी पिवळी पडलेली, पण शाबूत. कानसेनचा हात सवयीनं मागे गेला, धुतलेला नव्हता म्हणून.

"घ्या. आणि खिडकीकडे धरा."

त्यानं डिस्क उजेडासमोर धरली. रोज बाटल्या धरायचा तशीच. आतल्या भागातून काही दिसत नव्हतं. बाहेरच्या कडेनं मात्र बोटभर रुंदीच्या पट्ट्यात उजेड आरपार येत होता, टाचणीनं टोचून टोचून चाळण केल्यासारखा. डोळा तयार होता. शब्दही जिभेवर आला होता. त्यानं तो गिळला.

"गेल्या वर्षी दोनच ठिपके होते," कासव म्हणाला. "वाचेल तेवढं वाचवा. डिस्क परत नको मला."

दारापर्यंत येऊन त्यानं विचारलं, "तुमची बहीण अजून गाते का?"

"नाही," कानसेन म्हणाला.

घरी येऊन त्यानं डिस्क यंत्रात घातली. आधीची गाणी सरळ उतरली, एकही कण न गमावता. शेवटच्यापाशी यंत्र घरघरलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं, पुन्हा मागे. कानसेननं आपल्याकडची सगळी यंत्रं काढली, मित्राकडून एक आणलं, डिस्क कापडानं पुसली, थंड केली, हळू फिरवली. दोन दिवस कारखान्यात रजा टाकून तो हेच करत होता. पडद्यावर त्या गाण्याचं चित्र उमटलं ते सुरुवातीची एक बारीक चिंधी आणि पुढे काळं. त्या चिंधीचं वरचं टोक सोळा हजारांवर छाटलेलं होतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. "वाजतंय का?"

"वाचता येत नाहीये."

"मी वाजतंय का विचारलं."

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. मग डिस्क डब्यात घातली आणि ताईकडे गेला.

ताईच्या दुकानात कापडाच्या ठाणांमागे एक जुना साधा प्लेअर होता. गिऱ्हाईक थांबलं तर करमावं म्हणून ठेवलेला. भाचीनं त्याच्यावरची धूळ फडक्यानं झटकली. ताई खुर्चीत बसली होती, अंगावर शाल, चेहरा आठवड्याभरात आणखी आत गेलेला. तिनं ओबीवरून बोट फिरवलं, शिवणीवरून फिरवतात तसं, उलटसुलट. कानसेनला हात धुवायला सांगावंसं वाटलं नाही.

"थोडं खराब झालंय," तो म्हणाला.

"लाव तर," भाची म्हणाली.

त्यानं शेवटचं गाणं लावलं. आधी खोलीचा आवाज आला, रिकाम्या तालमीच्या खोलीचा. मग कुणाचंतरी दबलेलं हसू. टेबलावर बोटं वाजायला लागली, चार ठोके, आणि अगदी जवळ एका बाईनं श्वास घेतला. तोंडानं घेतलेला, पूर्ण, निवांत श्वास. त्यामागून एक अक्षर निघालं, अर्धं. आणि मग नुसती कटकट, खडे टाकल्यासारखी, ती थांबेचना.

भाचीनं प्लेअर बंद केला. ताईनं बोट वर केलं: पुन्हा.

पुन्हा लावलं. खोली, हसू, ठोके, श्वास. ताईचा हात मानेवरच्या रुमालावर गेला आणि तिथेच राहिला. तिचा श्वास आता तिथून जात होता. पुन्हा. पुन्हा. पाचव्या-सहाव्या खेपेला प्लेअरला ते गाणं सापडेनासं झालं. डिस्क फिरत राहिली, आकडा उमटला आणि गेला.

"हे एवढंच?" भाची म्हणाली. "दुसरी कुठे असेल ना? कुणी प्रत काढली असेल. तुमच्यात तर सगळे प्रती काढतात."

कानसेन म्हणाला, "काढली होती."

"मग?"

त्यानं सांगितलं. सगळं नाही सांगता येत, पण हिशेब पुरा होईल इतकं सांगितलं: कासव, रेघ, निकाल, नियम. भाची आधी त्याच्याकडे बघत होती, मग खिडकीकडे बघायला लागली.

"म्हणजे गेल्या वर्षी हे गाणं तुझ्याकडे होतं. सबंध. चांगलं."

"हो."

"आईला आवाज होता तेव्हा. तू तिला विचारलंसही नाहीस."

"मला वाटलं, मला माहितीये."

"ऐकलं तरी होतंस का?"

हा प्रश्न येणार हे बसमधून येतानाच त्याला दिसलं होतं. उत्तर मात्र ठरलेलं नव्हतं. ताई त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भूक होती. कुणी लग्नाला जाऊन आलं की न गेलेली माणसं विचारतात ना, काय काय होतं, तशी.

"ऐकलं होतं," तो म्हणाला.

ताईनं मार्कर उचलला. अक्षर नेहमीचंच, गोल. 'कशी गायले होते?'

"छान, ताई," कानसेन म्हणाला. त्याला वाटलं, आता निदान हे तरी नीट द्यावं, कंजुषी नको. "मोकळा आवाज. शेवटाला तू वर जातेस ना, एकदम वरच्या पट्टीत, तिथे जरा कापतो, पण सुरात. काय सूर लागलाय तिथे. अंगावर काटा येतो."

भाचीनं आईकडे बघितलं. ताई भावाकडे बघत होती. त्याला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. पांढऱ्या दिव्यासमोर धरलेल्या बाटलीला लागत असेल तितकाच लागला.

मग तिनं शालीच्या टोकानं पाटी पुसली, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. लिहिलं. आणि पाटी त्याच्याकडे वळवून, त्याचं वाचून होईपर्यंत धरून ठेवली.

'असेल बाबा. तूच जाणकार.'